संध्याकाळच्या गाडीने परत जाणारा कॅमेरा

हल्ली मला आठवड्यातून एखाद्या तरी पोराचा नाहीतर पोरीचा फोन येतो. "ताई, पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत, बजेट थोडंच आहे, पहिला कॅमेरा कोणता घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. कॅमेऱ्याची बॉडी जुनी घे, दुसऱ्याची वापरलेली घे, रबर निघालेली असली तरी घे, पण पैसे घालायचे ते लेन्समध्ये घाल. पाखरू तुझ्या मेगापिक्सलला भीत नाही, तुझ्या पावलांना भितं, म्हणून लांबून टिपता आलं पाहिजे. समोरचा "हो ताई, हो ताई" करतो आणि चार दिवसांनी नवी कोरी चकचकीत बॉडी आणि बोटभर लेन्स घेऊन माझ्या दारात हजर होतो. मला राग येतो, खोटं कशाला सांगू. पण चाळिशी आली, केस पिकले, आता राग फार वेळ टिकत नाही. शिवाय माझा स्वतःचा पहिला कॅमेरा माझ्या हुशारीने ठरला असता तर मला हा तोरा मिरवायचा हक्क तरी असता. तो ठरला आमच्या शेतात, सीतादहीच्या पूजेच्या दिवशी, आणि ठरवला तो कोणी, हे मी आजवर फोनवर कोणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं, फाट्यापासून आत. मी तेव्हा यवतमाळला बी.एस्सी. करत होते, म्हणजे पहाटेची एसटी आणि संध्याकाळची एसटी. घर उठायचं ते आईच्या भाकरीच्या थापांनी. बाबांचं खाकरणं, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, अनिलदादाच्या मोबाईलवर मोठ्याने लावलेली गाणी, आणि या सगळ्यांवर मात करत आमच्या टिनावर उतरलेल्या साळुंक्यांची भांडणं. आई डब्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा कोंबत म्हणायची, "वैशू, गाडी गेली त मंग पाखराच्या पाठीवर बसून जाशील काय कॉलेजले?" कारण मी कायम अंगणात मान वर करून उभी असायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या दुर्बिणीतून एकदा तळ्यावरचा खंड्या पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. इतका निळा रंग आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही, असं वाटून मी त्या दिवशी घरी येईपर्यंत खिडकीतून तोंड आत घेतलं नाही. नंतर यवतमाळच्या सायबर कॅफेत बसून मी कॅमेऱ्यांबद्दल जे सापडेल ते वाचायची आणि परतीच्या गाडीत घोकत यायची. शटर, फोकस, लांबचं जवळ आणणारी तीनशेची लेन्स. परीक्षेचा अभ्यास मी इतक्या मनापासून कधी केला नाही.

आमच्या घरी पाखरांचं कौतुक नव्हतं. ज्वारी दाण्यात आली की पाखरं हाकलायची, हा त्यांचा आणि आमचा पिढ्यानपिढ्यांचा संबंध. मी कॅमेऱ्याचं पहिल्यांदा काढलं तेव्हा बाबा जेवत होते. अंबाडीच्या भाजीत भाकर कुस्करत ते म्हणाले, "फोटो कायले पाहिजे? पाखरं त इथंच हायेत, जाऊन पाह्य." आई म्हणाली, "फोटो काढला म्हणून ज्वारी खायची थांबन काय ते?" पण बाबा खुशीत असले की थट्टा करतात आणि नाराज असले की गप्प बसतात, हे मला माहीत होतं. थट्टा झाली म्हणजे दार किलकिलं होतं. आणि पैसा बाबांचा नव्हताच. आमच्या घराची एक रीत होती. धुऱ्याकडच्या तासांचा, म्हणजे बांधालगतच्या ओळींचा कापूस आईचा. तो वेगळा वेचायचा, वेगळा मोजायचा, आणि त्याचं काय करायचं ते तिनेच ठरवायचं. आजवर त्यातून भांडी आली होती, शिलाई मशीन आली होती, एकदा दादाची फी गेली होती. या खेपेला, गेल्या हंगामाचे पैसे हातात असताना, आई म्हणाली, "वैशूले घेऊ काहीतरी." काहीतरी म्हणजे कॅमेरा, हे मी पुढचे कित्येक दिवस तिच्या मागे फिरून तिच्या गळी उतरवलं.

तेवढ्यात दादाचं लग्न ठरलं आणि माझ्या कॅमेऱ्याला फाटे फुटले. दादा म्हणाला, "कॅमेरा घरात येऊनच राह्यला त मंग फोटोवाला कायले सांगाचा? वैशूच काढन मह्या लग्नाचे फोटो." सगळ्यांना ते इतकं पटलं की मी तोंड उघडायच्या आत मी फोटोग्राफर झाले होते. मी सांगायचा प्रयत्न केला की लग्नाची लेन्स वेगळी, पाखराची वेगळी, आणि दोन्ही घ्यायच्या तर आईच्या कापसात बसत नाहीत. दादा म्हणाला, "कॅमेरा म्हणजे कॅमेरा. बटन दाबलं की फोटो निघते." आता हा माणूस आमच्या गावात स्वतः मोबाईलचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाईकाला लेन्सवर तासभर भाषण देतो, ते ऐकून मला फार बरं वाटतं.

राळेगावात सलीमभाईंचा फोटो स्टुडिओ होता. पंचक्रोशीतली लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो सगळं त्यांच्याकडे. मी आणि दादा गेलो तेव्हा त्यांनी दोन वापरलेले कॅमेरे काचेवर ठेवले. एक जवळजवळ नवा, छोट्या लेन्सचा, सोबत फ्लॅश. दुसरा पाहून दादाने तोंडच फिरवलं. बॉडीवरची अक्षरं पुसलेली, हाताच्या पकडीचं रबर सुटून फेविक्विकने चिकटवलेलं, पण पुढे लांबलचक काळी लेन्स. तीनशेची. टिपेश्वरच्या जंगलात आलेल्या कोणा पाहुण्याने ती सलीमभाईंच्या गळ्यात मारून दुसरं काहीतरी नेलं होतं. मी ती हातात घेतली, रस्त्यापलीकडच्या पिंपळाकडे रोखली, आणि पिंपळावरचा पोपट एकदम माझ्या नाकासमोर आला. मी ओरडलेच. सलीमभाई हसले. म्हणाले, "बेटा, मी शादीवाला माणूस. आजवर एक बी नवरदेव उडताना पाह्यला नाई, म्हणून मले याचं काम पडलं नाई. दोघाचा भाव सारखाच लावतो." दादा छोट्यावर अडला, मी मोठ्यावर. दुकानातच आमची जुंपली. शेवटी सलीमभाईच वैतागून म्हणाले, "दोन्ही घेऊन जा. घरी दाखवा, काढून पाहा. उद्या संध्याकाळच्या गाडीनं जो नको तो कंडक्टरजवळ द्या, मी स्टँडवर उतरवून घेतो." तेव्हा अशी माणसं होती. अजूनही आहेत म्हणा, पण तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मला ते जगातलं सर्वांत मोठं औदार्य वाटलं. घरी येईपर्यंत दोन्ही कॅमेरे मांडीवर घेऊन बसले, दादाला एकालाही हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सीतादही होती. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी शेताच्या कडेला बोंडांनी लगडलेल्या एका झाडाखाली दगड मांडायचे, त्यांना हळदीकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिला कापूस तिथे वाहायचा, मग थोडा दहीभात शेतात शिंपडायचा. हे घरच्या बाईने करायचं. बाबा त्या दिवशी नुसते बैल धरून उभे असतात. वेचायला आलेल्या बाया नव्या लुगड्यात, ऊन अजून कोवळं, आणि सगळं शेत पांढरं फुटलेलं. मी दोन्ही कॅमेरे पोत्यावर ठेवले होते. संध्याकाळी यातला एक जाणार. तो कोणता, हे आज दिवसभरात ठरणार होतं, आणि घरातले तिघंही त्यात मत देणार होते.

पहिला मान दादाने घेतला. छोट्या कॅमेऱ्याने त्याने आईची पूजा टिपली. खरं सांगते, फोटो सुरेख आले. आई, दगड, दहीभाताचं ताट, मागे ओळीने उभ्या बाया, सगळ्यात मागे बाबा आणि बैल. एकाच चौकटीत सगळं शेत मावलं. बाया कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्याभोवती जमल्या, "महा पदर नीट हाये का पाह्य," "हे पाह्य, शांताबाईनं डोये मिटले," असा गलका झाला. बाबाही वाकून पाहून गेले आणि मिशीत हसले. मग दादा म्हणाला, "आता तुह्या तोफेनं काढ." मी मोठी लेन्स लावून उभी राहिले तर आईचं नुसतं नाक आलं. मागे सरकले, तर कपाळ आलं. आणखी मागे, आणखी मागे, असं करता करता मी धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीत जाऊन पडले, तरी ताट आलं तर आई येत नव्हती आणि आई आली तर ताट. बाबा तिथून ओरडले, "वैशू, मांडवातले फोटो काढाले तू थेट कळंब गावाले उभी राहशील काय?" बाया पोट धरधरून हसल्या. मीही हसले, पण तुरीतून उठताना मला कळून चुकलं होतं की मी हरते आहे.

जेवणं झाली. गोडभात, वांग्याची भाजी, भाकरी, आणि उरलेलं दही. बाया तासांना लागल्या. आणि तेव्हा ती आली. पुस्तकात तिला कापशी घार म्हणतात. आमच्याकडे वरून उडणारं सगळं घारच. पांढरं पोट, खांद्यावर काळा पट्टा, आणि हवेत एका जागी पंख फडफडवत उभी राहायची तिची ती रीत. लहानपणापासून मी तिला शेतावर पाहत आले होते, आई तर माझ्याही आधीपासून. मी मोठा कॅमेरा उचलला. पहिले फोटो सगळे वाया गेले. एकात ढग, एकात नुसतं शेपूट, एकात काहीच नाही. फोकस खर्रखर्र करत पुढेमागे पळत होता. मग ती खाली झेपावली, वर आली ती पंजात उंदीर घेऊन, आणि विजेच्या तारेवर जाऊन बसली. मी जवळ जायला पाऊल टाकलं की ती मान वळवायची. तेव्हा मला सुचलं की पाखरं माणसाला भितात, बैलाला नाही. मी आमच्या पांढऱ्या बैलाचा कासरा धरला, त्याच्या पोटाआड वाकले आणि त्याला चारत चारत तारेकडे नेलं. तो दोन पावलं चालायचा, गवत ओढायचा, शेण टाकायचा, आणि मी त्याच्या घामेजल्या कुशीला गाल लावून श्वास रोखून चालत होते. तारेखाली पोहोचल्यावर त्याच्या पाठीवर लेन्स टेकवली. कापशी चौकटभर आली. तिने खाली, थेट माझ्याकडे पाहिलं आणि मी बटण दाबलं.

तो आनंद मी कसा सांगू. नंतर मी सारस टिपले, नवरंग टिपला, माझे फोटो कॅलेंडरांवर छापून आले, पण त्या दुपारी बैलाआड उभं राहून पडद्यावर तो फोटो मोठा करून पाहिला तेव्हा माझ्या छातीत जे धडधडलं ते पुन्हा धडधडलं नाही. डोळा लाल होता. गुंजेसारखा लालभडक, भोवती काजळ घातल्यासारखं काळं. मी बैल तिथेच सोडून तासांतून धावत सुटले. आई कापूस वेचत होती, तिच्यासमोर पडदा धरला. ती वाकली, मग हात लुगड्याला पुसून कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला. पडदा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "डोया लाल हाये याचा?" मी म्हटलं, हो. बाबा येऊन डोकावले आणि म्हणाले, "फ्लॅशनं दिसत असन. मह्या लग्नाच्या फोटोत मह्ये बी डोये लालच हायेत." मी सांगितलं की फ्लॅश नव्हताच, उन्हात काढलाय. बाबांनी पुन्हा पाहिलं. "पाखरू झकास आलं," ते मनापासून म्हणाले. आणि माझा जीव भांड्यात पडतोय तोवर पुढे म्हणाले, "पण बाप्पा, घरात लगन हाये. छोटाच ठेवू. पाखराचं मंग पाहू कधी." दादा लगेच म्हणाला, "उद्या वैशूच्या लग्नात बी तोच कामी येईन." झालं. त्यांचं काही चुकत होतं असंही नाही, म्हणून भांडायलाही जागा नव्हती. मला रडू येत होतं आणि आईने अजून मोठा कॅमेरा हातातून सोडला नव्हता.

आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला हळदीकुंकू लागतं. नांगर असो, फवारणीचा पंप असो, की शिलाई मशीन. दिवस चांगला होता, पूजा मांडलेलीच होती. बाबा आईला म्हणाले, "पूजा उचलाच्या आंधी छोट्या कॅमेऱ्याले कुकू लावून टाक," आणि बैल आणायला गेले. आईने दोन्ही कॅमेरे दगडांजवळ नेऊन ठेवले. मी मोठ्या कॅमेऱ्याची पिशवी शोधत होते, त्याला पाठवायचं होतं म्हणून. वळून पाहिलं तर आईने ओल्या हळदीचं बोट मोठ्या लेन्सच्या ऐन काचेवर ओढलं होतं आणि त्यावर कुंकू टेकवत होती. मी "आई" म्हणून किंचाळले. दादा धावत आला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. आई शांतपणे त्यावर अक्षता टाकून हात जोडत होती.

बाबा आले. "हे काय केलं? हा त वापस जाणारा होये," ते म्हणाले. आई म्हणाली, "हा होय काय? मले दोन्ही एकसारखेच दिसले." एक कॅमेरा डबीएवढा आणि दुसरा लोट्याएवढा, तरी तिला एकसारखेच दिसले. दादा म्हणाला, पुसून देऊ, सलीमभाईंना कळणारही नाही. बाबांनी वाकून काच पाहिली. आमच्या घरात कुंकू लागलेली वस्तू परत जात नाही. पंप गळका निघाला होता तरी बाबांनी तो दुकानदाराला परत केला नव्हता, कारण आईने आधी त्याला हळदकुंकू लावलं होतं. स्वतः दुरुस्त करत बसले होते. दादा पुन्हा काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "पुसलं तरी लागलेलं लागलंच. छोटा देऊन दे कंडक्टरजवळ. लग्नाचे फोटो सलीमभाई काढतीन." दादा तणतणत गाडीबैलाकडे निघून गेला. त्याच्या लग्नात सलीमभाईंनी छान फोटो काढले, तेव्हा कुठे त्याने माझ्याशी नीट बोलायला सुरुवात केली.

फाट्यावर छोटा कॅमेरा द्यायला मी आणि आई गेलो. लेन्सची काच मी ओढणीच्या मऊ टोकाने पुसली होती, पण हळद काही पूर्ण निघाली नव्हती. आज कोणी माझ्यासमोर लेन्स ओढणीने पुसली तर मी त्याला दारात उभं करणार नाही. गाडी आली, कंडक्टरने पिशवी घेतली, सलीमभाईंचं नाव ऐकून मान हलवली, गाडी गेली. धूळ खाली बसल्यावर मी आईला विचारलं, "खरंच तुला एकसारखे दिसले?"

"मी काय आंधळी हाओ काय?" आई म्हणाली. मग रस्त्याकडे पाहत म्हणाली, "छोट्यानं सगळे दिसलो. तुह्ये बाबा, मी, बाया, दहीभात. ते त मले रोज दिसते. या वावरात सून म्हणून आली तवापासून ते पाखरू मह्या डोक्यावर उभं राह्यते, अन् त्याचा डोया लाल हाये हे मले आज समजलं. आन त्या अनिलनं तुह्या बी लग्नाचं काढलं. लग्नासाठी घेतला नव्हता मी कॅमेरा कापूस विकून." मग हात पुढे करून ती म्हणाली, "दे इकडे. कुठून पाहाचं?"

मी कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या गळ्यात घातला, डोळा कुठे लावायचा ते दाखवलं, बटणावर तिचं बोट ठेवलं. तिच्या बोटांना अजून हळद होती. फाट्यावरच्या बाभळीवर एक कोतवाल, काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी, बसला होता. आई त्याला शोधत राहिली, लेन्स इकडे गेली, तिकडे गेली, मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "गप, हालू नको, सापडलं." मग बराच वेळ ती तशीच उभी होती. पदर डोक्यावरून खाली आला तरी तिने सावरला नाही. येणाऱ्याजाणाऱ्या दोन सायकली थांबल्या, कोणीतरी "काय पाहून राह्यल्या, काकू?" असं विचारलं, त्यालाही तिने उत्तर दिलं नाही. शेवटी एकदा बटण दाबल्याचा आवाज आला.

तो फोटो माझ्याकडे आहे. कोतवाल त्यात नाही, तो उडून गेला होता. मळकट पिवळसर आभाळ आणि बाभळीची हललेली फांदी, एवढंच आहे. मी पडदा दाखवला तेव्हा मला वाटलं आई हिरमुसेल. तिने तो फोटो नीट पाहिला, कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला आणि म्हणाली, "तू जाय घरी, सैपाकाले लाग. मी येतो मागून."